जिन्याचा नियम

१८ जानेवारी

ताईंना नमस्कार.

हे पत्र मंडळाच्या कामाचं आहे. आधी तुमच्या लेकीला फोन केला होता. ती म्हणाली, आईला फोनवर काही ऐकू येत नाही, नुसतं हो हो म्हणते आणि ठेवल्यावर विचारते कोण होतं. म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं.

वरच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटाची किल्ली सापडत नाही. मास्तरीणबाईंनी शिलाईवर्गातले सगळे डबे उपडे केले. चार वर्षं हरवलेली कात्री सापडली, किल्ली नाही. कुलूप तोडू या असं काहीजणींचं मत पडलं, पण ते कुलूप तुम्ही लावलेलं आहे आणि तुम्ही लावलेलं कुलूप तोडायला इथे अजून कोणी धजत नाही. त्यात मीही आले. हे कबूल करायला मला आवडत नाहीये.

खोली पुन्हा उघडतोय. तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यापासून तिथे कापडाचे तागे आणि मोडकी मशिनं पडली होती. सगळ्यांनी मिळून खाली आणली. खिडकीच्या काचांना तुम्ही अर्ध्यापर्यंत पांढरा रंग दिला होता, अभ्यास करणारीनं बाहेर बघत बसू नये म्हणून. तो तसाच आहे. टेबल तेव्हासारखंच डुगडुगतं. त्याच्या पायाखाली मी कागदाची घडी घातली होती, तीही तिथेच होती. मी काढून टाकली आणि नवी घातली.

यंदा एक मुलगी परीक्षेला बसतेय. तिच्यासाठी रजया आणि टेबलावरचा दिवा लागेल, ते त्या कपाटात आहेत.

किल्ली तुमच्याकडे असल्यास पाठवावी. उत्तर किल्लीपुरतंच द्यावं.

कार्यवाह,
महिला मंडळ


९ फेब्रुवारी

ताई,

किल्ली मिळाली. उत्तर किल्लीपुरतं द्या म्हटलं तर तुम्ही खरोखर नुसती किल्लीच पाठवलीत, रुमालात बांधून, वर एक अक्षर नाही. पाकिटावरचं अक्षरही लेकीचं. तुमचा स्वभाव काही बदललेला नाही हे कळलं.

कपाट उघडलं. रजया ठीक आहेत. दिवा लागतो. तुमचं गजराचं घड्याळ, तो लोखंडी डबा, पण मिळाला, चावी दिल्यावर चालायला लागला आणि भलत्याच वेळी असा ठणाणा केला की खाली शिलाईवर्गात एकीनं स्वतःचा पदर शिवून घेतला.

मुलीबद्दल तुम्हाला कळवायला हवं. तुम्ही गेल्यावर आलेल्या आहेत त्या, आई आणि मुलगी. आई इस्त्रीवाली. कोपऱ्यावर तिची टपरी आहे. बाप कधीच सोडून गेला. मुलगी एकोणीस वर्षांची, केस कधी विंचरलेले नसतात म्हणून सगळ्या तिला झिपरी म्हणतात, आणि ती त्याला ओ देते. मधेच शाळा सुटली होती, आता बाहेरून परीक्षेला बसतेय. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायचं म्हणते. मी म्हटलं, डॉक्टर का नाही म्हणत? तर म्हणाली, "डॉक्टरला माणसांशी बोलावं लागतं."

तिची आई म्हणजे तोंडाचा पट्टा. मंडळात आली तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुम्ही बायका समानता समानता करता, आधी दोन्ही बाह्या समान इस्त्री करून दाखवा." आता पाळ्या लागल्यात तर ते दाखवायचीच वेळ आलीय. पद्धत तुम्ही लावून दिलीत तीच ठेवलीय. जी परीक्षेला बसेल ती महिनाभर वरच्या खोलीत राहील, आणि तिच्या घरचं काम बाकीच्या वाटून घेतील. झिपरीच्या वाटची इस्त्री आम्ही करतोय. खजिनदारबाईंनी पहिल्या दिवशी वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर छातीवर ठसा उमटवला. इस्त्रीवालीनं वकिलाला सांगितलं, खिशाखाली झाकला जाईल, तुम्ही पेन लावा. वकील पेन लावून गेला.

सभेत एक गोष्ट झाली ती लिहिते. पाळ्या वाटून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "आणि जिन्याचा नियम आहेच." मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जुन्या बायकांनी मग माना खाली घातल्या. नव्यांना काहीच माहीत नाही, त्या विचारायला लागल्या, जिन्याचा कसला नियम? मला सांगावं लागलं. तुमच्यासारखं जमलं नाही, पण सांगितलं. डेअरीवाली परीक्षेला बसली होती तेव्हा नवरा रोज निरोप पाठवायचा. पोराला भाजलं, ताबडतोब ये. आई पडली, ताबडतोब ये. ती धावत जायची तर पोर अंगणात खेळतंय आणि आई भाजी निवडतेय. अशा धावाधावीत तिची परीक्षा गेली आणि नवरा म्हणाला, बघा, डोकंच नाही हिला. त्यानंतर तुम्ही नियम मांडलात की घरचा कुठलाही निरोप जिन्यापाशी थांबायचा. शेवटचा पेपर होईपर्यंत वर जायचा नाही. जिन्याच्या पायथ्याशी काज करायचं मशीन ठेवलंत आणि त्यावर मास्तरीणबाईंना बसवलंत.

नव्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या होत्या तेव्हा. मीही हात वर केला होता.

नियम राहिला. मी काही बोलले नाही.

कार्यवाह


१ मार्च

ताई,

या पत्राला तुम्ही उत्तर द्यायचं आहे. किल्ली पाठवल्यासारखं नको.

इस्त्रीवाली आजारी आहे. पाय सुजत होते ते ती उभं राहून होतं म्हणायची. डोळे पिवळे झाले तेव्हा मी तिला ओढून दवाखान्यात नेलं. यकृत गेलंय म्हणाले. बरंच आधीपासून. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत, कधीही काहीही होईल, जवळच्या माणसांना कळवा.

जवळचं माणूस एकच आहे आणि ते वरच्या खोलीत रसायनशास्त्र करतंय. सोमवारी पहिला पेपर.

मी खाटेजवळ गेले तर इस्त्रीवालीला सगळं आधीच समजलेलं. माझं मनगट धरून म्हणाली, "झिपरीला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "अगं, लेक आहे ती तुझी."

"म्हणूनच. तुमचा नियम आहे ना जिन्याचा? मग मला का वेगळा लावता?"

"तो खोट्या निरोपांसाठी आहे."

"नियमात तसं लिहिलंय?"

ती म्हणाली, "शेवटचा पेपर होईपर्यंत मी थांबते. जात नाही कुठे. तू शब्द दे."

मी मान हलवली. ती मान कशी हलली ते माझं मलाच सांगता येणार नाही, पण तिनं हो समजून मनगट सोडलं आणि वॉर्डातल्या चादरींना कोण इस्त्री करतं, काय ही घडी, असं बोलायला लागली.

आता तुमच्याशी बोलते. इतकी वर्षं एकाच हॉलमध्ये बसून आपण बोललो नाही. "ताईंना सांगा, मोजपट्टी द्या." "तिला सांगा, टेबलावर आहे." मधे मास्तरीणबाई, आणि आपण दोघी हातभर अंतरावर. लोक हसायचे. मंडळ सोडून जावं असं पुष्कळदा वाटलं. पण जाणार कुठे? मला दुसरी जागाच नव्हती, आणि ती जागा तुम्हीच दिली होतीत. बटणं लावायला आले होते तुमच्याकडे. तुम्ही माझं नावच बटण ठेवलंत आणि वर म्हणालात, बटणानं परीक्षेला बसायचं.

सासूबाई आधी विरोधातच होत्या. माझी पुस्तकं पाण्याच्या टाकीवर टाकायच्या, मी शिडी लावून काढायचे. मग एक दिवस त्यांनीच शिडी धरली. रोज भाजी निवडताना पुस्तक मांडीवर घेऊन बसायच्या, अक्षर एक येत नव्हतं, बऱ्याचदा उलटंच धरलेलं असायचं. मी उत्तर म्हणून दाखवायचे. संपलं की म्हणायच्या, "पुढं?" मी म्हणायचे, संपलं. त्या म्हणायच्या, "एवढंच? मास्तर एवढ्यावर पास करतो?" मी थाप मारली तर त्यांना माझ्या तोंडावरून कळायचं. आई मला आठवत नाही. आई म्हणून मला जे काही मिळालं ते त्या होत्या.

त्या गेल्या तेव्हा मी वर खोलीत भूमिती सोडवत होते. त्यांच्या खाटेशी पाळी तुमची होती. माझा नवरा बाहेरगावहून आला, दीर आले, सगळं उरकलं. खिडकीखालून जाऊ नये म्हणून तुम्ही त्यांना मागच्या रस्त्यानं न्यायला लावलंत. शेवटच्या पेपरच्या दिवशी मी फाटकातून उड्या मारत बाहेर आले. "भूगोल छान गेला, ताई." आणि तुम्ही म्हणालात, "घरी चल."

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. माझ्या घरच्यांना असं वाटलं की मला कळवलं होतं आणि मी पेपर सोडून आले नाही. नवरा म्हणाला, "म्हातारी तुझ्या नावानं गेली आणि तू उत्तरं लिहीत बसलीस." मी त्याला कधीच सांगितलं नाही की मला ठाऊकच नव्हतं. सांगितलं असतं तर तो मंडळावर आला असता, चार पुरुष घेऊन आला असता, आणि पुढच्या वर्षी एकाही घरातून कोणी बाई वरच्या खोलीत पाठवली नसती. म्हणून मी गप्प बसले. तो आजही तेच समजतो. जेवताना कधी पाणी मागतो तेव्हाही त्याच्या आवाजात ते असतं. मी पास झाले त्याबद्दल घरात आजवर कोणी एक शब्द काढलेला नाही.

आता माझा प्रश्न. मास्तरीणबाई म्हणतात, सासूबाईंनी मला बोलवायला सांगितलं होतं. खजिनदारबाई म्हणतात, छे, त्याच म्हणाल्या होत्या की तिला कळवू नका, परीक्षा आहे. दोघींनाही ऐकीव माहिती. खाटेशी तुम्ही होतात. मला तुमची बाजू नको. कारणं तर मुळीच नकोत. त्यांनी मला बोलावलं होतं का, तेवढं कळवा. सोमवारच्या आत.

खाली काय सही करावी कळत नाही.


५ मार्च

ताई,

काल तुमच्या लेकीचा फोन आला. तुम्हाला ऐकू येत नाही, पण मला सगळं ऐकू येत होतं. ती माझं पत्र हातात धरून तुमच्या कानाशी ओरडत होती. "आई, ती विचारतेय, तिच्या सासूनं बोलावलं होतं का?" मग नुसता पंख्याचा आवाज येत होता तिकडच्या. मला वाटलं, तुम्ही उठून गेलात.

मग तुमचा आवाज आला. किती बारीक झालाय.

"हो म्हणावं. दोनदा. पहिल्यांदा मी म्हटलं, बोलावते. दुसऱ्यांदा म्हटलं, निघालीय."

लेक फोनवर म्हणाली, "आई म्हणतेय की..." मी म्हटलं, ऐकलं मी. ती तुम्हाला ओरडून म्हणाली, "अजून काही सांगायचंय का तिला?" तुम्ही म्हणालात, नाही.

मी फोन ठेवला आणि कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून रडले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही लिहीत, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. "निघालीय" हा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणजे त्या दाराकडे बघत होत्या. मी येतेय असं समजून बघत होत्या.

तुम्ही खोटं बोलू शकला असतात. त्याच नको म्हणाल्या होत्या, एवढं म्हटलं असतंत तर मी इतकी वर्षं उगाचच रागावले असं झालं असतं आणि तुम्ही सुटला असतात. तेही तुम्ही केलं नाहीत. तुमच्यावर धड रागावताही येत नाही, हा तुमचा जुना त्रास आहे.

संध्याकाळी मी जिन्याशी गेले. मास्तरीणबाई काजाच्या मशिनवर होत्या. माझ्याकडे बघून त्यांना समजलं. म्हणाल्या, "नियम आहे गं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. माझाही हात वर होता."

"आणि तिच्या आईला शब्द दिलायस."

"मान हलवलीय."

त्यांनी मशीन थांबवलं, धागा तोडला आणि खुर्ची बाजूला घेतली. जड खुर्ची आहे ती, तुम्हाला माहीत आहे. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, जा.

झिपरी पाय वर घेऊन बसली होती, केसांत पेन्सिल खोचलेली. मी सांगितलं. सरळ सांगितलं, यकृत, डॉक्टरबाई काय म्हणाल्या, आईनं माझ्याकडून काय मागून घेतलं, सगळं. तिनं पेनाचं टोपण लावलं. रडली नाही. विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं.

"पाळीवर कोण कोण जात होतं?"

मी नावं घेतली.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. काल मी खाली चहाला आले तेव्हाही. खजिनदारबाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला, मला वाटलं अभ्यासासाठी."

मी तिच्या शेजारी टेकले.

ती म्हणाली, "मग मी काय करू आता?"

मी म्हटलं, "ते मी नाही ठरवणार. तुझं तू ठरव."

तेव्हा मात्र ती चिडली. "सगळं ठरवून झाल्यावर मला सांगता, आणि वर म्हणता तुझं तू ठरव? सोमवारी पेपर आहे माझा." मग चपला हातात घेऊनच जिना उतरली. खाली सगळी मशिनं थांबली. कोणी वर मान करून बघितलं नाही.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल. सासूबाईंचं निदान एवढं तरी फेडलं असं वाटेल. तसं काही वाटलं नाही. टेबलावर तिचं पुस्तक उघडंच होतं. मी दिवा मालवला.


१६ एप्रिल

ताई,

मध्यंतरी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून नाही.

झिपरी एकाही पेपरला गेली नाही. आईच्या खाटेशी बसून राहिली. इस्त्रीवालीनं शिव्या दिल्या, हात जोडले, अन्न सोडीन म्हणाली. "ऊठ, जा, मी काय पळून जातेय?" मुलगी हलली नाही. एका पेपरच्या दिवशी आईनं नर्सला सांगून तिला वॉर्डाबाहेर काढायला लावलं, तर ती दाराबाहेर बाकावर बसली. पण परीक्षेला गेली नाही.

मी गेले तेव्हा इस्त्रीवालीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, "तू शब्द दिला होतास." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी रोज जात राहिले, पाय चेपून द्यायचे, ती चेपू द्यायची, पण भिंतीकडे बघूनच. जिच्या तोंडाला विसावा नव्हता ती माझ्यापुरती मुकी झाली.

आणि ती थांबली, ताई. म्हणाली होती तशी थांबली. शेवटचा पेपर झाला, त्यानंतरही ती होती. डॉक्टरबाईंनाही आश्चर्य वाटलं. गेल्या आठवड्यात गेली.

म्हणजे मी सांगितलं नसतं तर झिपरीचे पेपर झाले असते. शेवटच्या पेपरहून ती धावत आली असती, आणि आईला हवं ते ऐकून आईनं डोळे मिटले असते. तुमच्या नियमानं सगळं नीट झालं असतं. मी तो मोडला आणि मार्चची परीक्षा घालवली मुलीची, आणि एका बाईला जाताना तेच दुःख दिलं जे तिला नको होतं.

झिपरीनं मला हेच ऐकवलं. टपरीत गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे होते. दुसऱ्या दिवशी ती इस्त्री तापवून ते करायला लागली. मी म्हटलं, आम्ही करतो, तू बस. ती म्हणाली, "तुमच्या दोन्ही बाह्या समान होत नाहीत." आईचाच सूर. मग इस्त्रीवरून हात न काढता म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मी पास झाले असते. आई खूश होऊन गेली असती."

मी म्हटलं, "हो."

दुसरं काय म्हणणार? तिला माझी कारणं कशाला सांगू? तुमच्याकडे मी कारणं मागितली नव्हती ते बरं केलं, असं तेव्हा वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमची आठवण रागाशिवाय आली. तुम्ही फाटकाशी उभ्या होतात त्या दिवशी, मी उड्या मारत येत होते, आणि तुमच्या पोटात ते सगळं होतं. कसं उभं राहवलं तुम्हाला?

हे विचारायचं कधी सुचलंच नाही.


२३ जून

ताई,

तुमच्या लेकीचं पत्र आलं. तुम्ही आता फारसं उठत नाही, जेवण कमी झालंय, आणि माझी पत्रं पुन्हा पुन्हा वाचून घेता असं तिनं लिहिलंय. इस्त्रीवाली गेल्याच्या पत्रानंतर तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नाहीत असंही लिहिलंय. अशा गोष्टी तुम्ही मुळीच लिहू दिल्या नसत्या, तेव्हा तिनं तुम्हाला न विचारता लिहिल्या असणार. चांगली मुलगी आहे.

तेव्हा आता इकडची बातमी ऐका. झिपरी पुन्हा बसतेय, जुलैच्या फेरपरीक्षेला. दोन महिने मंडळाच्या दारात फिरकली नव्हती. टपरी चालवत होती. आम्ही पाळीनं जायचो, ती कोणाला इस्त्रीला हात लावू द्यायची नाही, नुसतं घड्या घालायला द्यायची, त्याही उलगडून पुन्हा घालायची. मग गेल्या बुधवारी सभा चालू असताना आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "खोली रिकामी आहे का?"

मला तिनं माफ केलंय असं समजू नका. माझ्याशी कामापुरतं बोलते. एकदाच, घड्या घालताना, आपण होऊन म्हणाली की दवाखान्यात आई एका संध्याकाळी खूप हसली होती. झिपरीनं तिचे केस विंचरले होते आणि आई म्हणाली, स्वतःचे कधी विंचरणार? तेवढंच सांगितलं, आणि लगेच, "ही घडी चुकली तुमची." तिला ते दिवस मिळाले ते बरं झालं की वाईट, तिचं तिलाही अजून ठरवता आलेलं नाही. मीही विचारत नाही. मला मिळाले असते तर मी काय केलं असतं, भूगोलाचा पेपर लिहिला असता की धावत घरी गेले असते, हे मला कधीच कळणार नाही. खरं सांगायचं तर मला राग त्याचाच होता. तुम्ही चुकलात त्यापेक्षा, मला चुकूसुद्धा दिलं नाहीत, त्याचा.

सभेत मी नियम बदलायचं मांडलं. फार भांडण झालं. खजिनदारबाई म्हणाल्या, नियम काढला तर सगळे नवरे पुन्हा निरोप धाडायला लागतील. बरोबरच आहे त्यांचं. शेवटी असं ठरलं की जिन्यापाशी मशीन राहील, मास्तरीणबाईही राहतील. पण जी वर राहायला जाणार तिनं पायरी चढायच्या आधी सांगायचं, कोणाचा निरोप वर यावा आणि कोणाचा थांबवावा. ती सांगेल ते मास्तरीणबाई करतील. एवढी साधी गोष्ट. जिच्यासाठी सगळं चाललंय तिलाच विचारायचं, हे आपण इतक्या जणी जगाला समानता शिकवत बसलो तरी एकदाही कोणाला सुचलं नाही.

सगळ्यांनी हात वर केले. मग मी झिपरीकडे वळून सभेच्या आवाजात विचारलं, "सांग, तुझ्याकडे कोणाचा निरोप आला तर वर आणायचा?"

ती म्हणाली, "माझ्याकडे निरोप यायला आता कोण आहे?"

हात वर होते ते खाली घ्यायचंही कोणाला सुचेना. मास्तरीणबाई उठल्या आणि तिला घेऊन वर गेल्या, रजया दाखवायला.

तुमच्या लेकीचा नंबर मी काजाच्या मशिनच्या वर, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. मास्तरीणबाईंना सांगितलंय, तिथून फोन आला की मी सभेत असो, वर्गात असो, कुठेही असो, निरोप थांबवायचा नाही. तुमच्या लेकीलाही कळवलंय. तुम्ही नको म्हणालात तरी तिनं मला कळवायचं आहे, ती हो म्हणालीय. घरीही सांगून ठेवलंय. नवऱ्यानं विचारलं, त्या ताईंसाठी एवढं कशाला? मी सांगितलं, सगळंच सांगितलं, भूगोलाच्या पेपरपर्यंत. तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं स्वतःचं पाणी स्वतः घेतलं.

पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

ताई, "निघालीय" असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर या वेळी ते खरं असेल.

बटण